चावी दिली, नाव राहिलं



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपले वकीलसाहेब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात उभी हयात जखमींच्या आणि मृतांच्या वारसांच्या बाजूने लढले. मी विमा कंपनीच्या दावे विभागात होतो, त्यामुळे आम्ही बहुधा समोरासमोरच असायचो. नवी फाइल हातात आली की ते आधी एफआयआर वाचत नसत. कोऱ्या कागदावर तीन तारखा मांडत: गाडी विकली कधी, आरटीओत नाव बदललं कधी, अपघात झाला कधी. पुष्कळदा या तीन तारखांचा क्रम लागला की दाव्याचं पुढे काय होणार ते कळायचं. आज मी त्या तारखांवरच बोलणार आहे, आणि तिन्हींपेक्षा जास्त दुर्लक्षित अशा एका चौथ्या तारखेवर: पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची तारीख.

विषय कोरडा वाटेल. पण या सभागृहात असं घर क्वचितच असेल की जिथे गेल्या दहा-पंधरा वर्षांत एखादी जुनी गाडी विकली किंवा घेतली गेली नाही. आमच्या पिढीत पहिली गाडी म्हणजे जुनी फियाट किंवा मारुती ८००, कुणाकडून तरी घेतलेली. आजही नोकरीला लागलेली मुलं पहिली गाडी सेकंडहँडच बघतात, आणि त्यात शहाणपणच आहे. गाडी बघताना मात्र आपण इंजिन ऐकतो, टायर बघतो, रनिंग विचारतो, मेकॅनिकला सोबत नेतो. इन्शुरन्सचं नाव निघालं की एकच प्रश्न येतो, ‘आहे ना चालू?’ समोरचा म्हणतो, ‘आहे की, मार्चपर्यंत.’ तिथे विषय संपतो.

सौद्याची ती संध्याकाळ तुम्ही पाहिली असेल. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी पुसून उभी केलेली असते. एक पिवळं पाकीट असतं, त्यात आरसी, पीयूसी, इन्शुरन्सची झेरॉक्स, सर्व्हिसचं पुस्तक आणि दुसरी चावी. एजंट बॉनेटवरच कागद पसरतो. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. आपल्याकडे या सगळ्याला मिळून ‘टीटी फॉर्म’ म्हणतात. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतलेली असते. विकणारा जिथे फुली मारली आहे तिथे सह्या करत जातो. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी, तारखेची जागा कोरी. ‘ते मी भरतो साहेब, तुम्ही फक्त सही करा.’ मग स्टॅम्पपेपरवर डिलिव्हरी नोट होते. तिच्यात तारखेबरोबर वेळही लिहितात: आज सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांपासून या वाहनाची सर्व जबाबदारी घेणाऱ्याची राहील. विकणारा ती नोट घडी करून कपाटात ठेवतो आणि निश्चिंत होतो.

ही नोट निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. विकणारा आणि घेणारा या दोघांमध्ये तिला वजन आहे. गाडी ही जंगम वस्तू. पैसे दिले, ताबा घेतला, की मालविक्रीच्या कायद्याने ती घेणाऱ्याची झाली. पण त्या गाडीखाली उद्या जो माणूस येईल तो या नोटेचा पक्षकार नाही. त्याने ती वाचलेली नाही, त्याची तिच्यावर सही नाही. त्याच्यासाठी मालक म्हणजे आरटीओच्या दफ्तरात ज्याचं नाव आहे तो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) मध्ये मालकाची व्याख्या दिली आहे, आणि ती नोंदणीवर उभी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हे एकदाच सांगितलेलं नाही. २००१ साली सांगितलं, २०११ साली सांगितलं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पुन्हा सांगितलं. या शेवटच्या प्रकरणावर थोडं थांबू या. २००९ सालच्या मे महिन्यातली सकाळ. एक बाई आणि तिच्या सोबत तिच्या नात्यातला एक जण शेताकडे पायी निघाले होते. एक मोटार रिव्हर्समध्ये मागे आली. तो जागीच गेला, बाई जखमी झाली. गाडी ज्याच्या नावावर होती त्याने न्यायाधिकरणात सांगितलं की मी ही गाडी २००७ सालीच विकली. ज्याला विकली त्याने सांगितलं, मी ती पुढे विकली. त्यापुढच्यानेही तेच सांगितलं. प्रत्येकाकडे काही ना काही कागद होता. आरटीओतलं नाव मात्र पहिल्याचंच. उच्च न्यायालयाने भार शेवटच्या खरेदीदारावर टाकला. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालाचा गाभा असा, की ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला या विक्रीच्या साखळीतली एकेक कडी शोधत फिरायला लावता येणार नाही. नोंदणीत ज्याचं नाव, त्याने भरपाई द्यायची.

काही जणांना हा निकाल पहिल्या मालकावर अन्याय करणारा वाटतो. मला तसं वाटत नाही. गाडी विकून त्याला पैसे मिळाले होते. नाव बदललं की नाही हे बघणं त्याच्या हातात होतं, आणि तेही अवघड काम नव्हतं. त्या पायी चालणाऱ्या दोघांच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

नाव बदलण्यासाठी कायद्याने काय सांगितलं आहे? कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. गाडी परराज्यात जाणार असेल तर ४५ दिवसांत, ना-हरकत प्रमाणपत्रासह. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा. या अर्जासोबत आरसी आणि विम्याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे विमा संपलेली गाडी नावावर करायला गेलात तर आधी विमा काढावा लागेल. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. ही यादी एजंटला पाठ असते, त्यामुळे इथे फारसं कुणी अडत नाही. अडतो तो पुढे.

विमा गाडीबरोबर जातो की माणसाबरोबर? याचं उत्तर आपल्या देशात वेळोवेळी बदललं आहे, आणि त्या बदलात मला एक गोष्ट फार मोलाची दिसते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या विम्याचं प्रकरण होतं, पण ते प्रत्यक्ष लागू झालं १ जुलै १९४६ पासून. त्या काळी समज असा होता की विमा हा दोन माणसांमधला करार आहे. कंपनीने रामरावांना पारखून त्यांची जोखीम घेतली, शामरावांची नाही. रामरावांनी गाडी विकली की करार संपला. गाडी रस्त्यावर धावतेच आहे, पण तिच्या मागे विमा नाही. अपघात झाला, की शामराव कफल्लक आणि कंपनी मोकळी. १९६९ च्या दुरुस्तीने १०३-अ हे कलम आलं. त्यात विकणाऱ्याने कंपनीला कळवायचं आणि कंपनीने १५ दिवसांत नकार दिला नाही तर विमा नव्या मालकाकडे गेला असं मानायचं, अशी तरतूद झाली. म्हणजे दार किलकिलं झालं, पण कडी कंपनीच्याच हातात.

१ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या १९८८ च्या कायद्याने ती कडी काढून टाकली. कलम १५७ म्हणतं की गाडीची मालकी बदलली की विम्याचं प्रमाणपत्र आणि पॉलिसी त्याच तारखेपासून नव्या मालकाकडे गेली असं मानलं जाईल. मानलं जाईल, म्हणजे कुणी अर्ज केला नाही तरी. नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून नोंद दुरुस्त करून घ्यायची, हे त्याच कलमाच्या पुढच्या पोटकलमात आहे. पण अर्ज राहिला म्हणून रस्त्यावरच्या माणसाची भरपाई बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये हे निःसंदिग्ध केलं. २०१९ च्या दुरुस्तीने विम्याचं संपूर्ण प्रकरण नव्याने लिहिलं, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं, तरी हे कलम त्याच क्रमांकावर कायम राहिलं. ज्या माणसाला पॉलिसीचा नंबर माहीत नाही, जो त्या गाडीत बसलेला नाही, ज्याने एक रुपयाही प्रीमियम भरलेला नाही, त्याच्यासाठी हे पन्नास वर्षांचं काम झालं आहे. आमच्या धंद्यात त्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. वकीलसाहेब कोर्टात हा शब्द वापरायचे, पण फाइलवर त्या माणसाचं नाव लिहायचे, आणि शिपायालाही नावानेच फाइल आणायला सांगायचे.

आता दुसरी बाजू. तुमच्या हातातली ‘फुल इन्शुरन्स’ची पॉलिसी एकच कागद दिसते, पण तिच्यात दोन वेगळी वचनं आहेत. एक रस्त्यावरच्या त्रयस्थाला दिलेलं. दुसरं मालकाला: तुमची गाडी ठोकली, चोरीला गेली, पुरात बुडाली तर आम्ही नुकसान भरून देऊ. कलम १५७ मुळे आपोआप जातं ते फक्त पहिलं. दुसरं जात नाही.

हे ठरवणारा निकाल १९९५ च्या नोव्हेंबरमधला आहे, कम्प्लीट इन्शुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स. गाडी विकली गेली होती, आरटीओत नावही बदललं होतं; पॉलिसी मात्र नव्या मालकाच्या नावावर झालेली नव्हती. त्यानंतर अपघात झाला आणि घेणाऱ्याने स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मागितली. न्यायालयाने सांगितलं की सक्तीचा विमा हा त्रयस्थासाठी आहे, कलम १५७ ची मानीव बदली तेवढ्यापुरतीच आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी विमा कंपनी आणि नवा मालक यांच्यात नवा करार व्हावा लागतो. मोटार टॅरिफमध्येही तोच नियम आहे: या भागाची बदली घेणाऱ्याने स्वतः मागितली पाहिजे, विकणाऱ्याची संमती पाहिजे, नवा प्रपोजल फॉर्म भरला पाहिजे, विक्रीचा पुरावा दिला पाहिजे.

याचा परिणाम काय होतो तो मी टेबलाच्या अलीकडून पाहिला आहे. एक शिक्षक आमच्याकडे आले होते. पतपेढीचं कर्ज काढून पाच वर्षं जुनी गाडी घेतली होती. काही आठवड्यांनी घाटात टेम्पोने मागून ठोकली, गाडी कठड्यावर गेली. माणसं वाचली, गाडी उरली नाही. आरसी त्यांच्या नावावर झाली होती, पॉलिसी जुन्याच मालकाच्या. सर्व्हेअरचा रिपोर्ट व्यवस्थित होता, फोटो होते, ड्रायव्हिंग लायसन्स होतं. गुरुजींचा एकच प्रश्न होता: ‘अहो, प्रीमियम तर भरलेला आहे ना?’ प्रीमियम भरलेला होता. पण ज्याने भरला त्याची आता गाडी नव्हती, म्हणून त्याला काही मिळणार नव्हतं. आणि ज्याची गाडी होती त्याचा कंपनीशी करार नव्हता. त्या गाडीसाठी एका वर्षाचे पैसे घेतलेले असूनही कुणालाच काही द्यायचं नाही, अशी ती जागा होती. कायद्याप्रमाणे दावा फेटाळणं बरोबर होतं. त्या नकारपत्राचा मसुदा मीच केला, आणि तेव्हापासून मला वाटत आलं आहे की हा नियम लोकांना गाडी घेण्याच्या दिवशी कळला पाहिजे, दावा फेटाळल्याच्या दिवशी नव्हे.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. एजंट सांगतात, ‘चौदा दिवस तुम्हाला सगळं कव्हर असतं.’ ते १४ दिवस कंपनीला कळवण्यासाठी आहेत. तेवढ्या काळात तुमच्या स्वतःच्या गाडीची जोखीम कंपनीने घेतली आहे असा त्याचा अर्थ लावून गाडी बाहेर काढू नका.

उलट दिशेचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका मालट्रकचं प्रकरण आलं. ट्रकमालकाने ट्रक विकण्याचा करार केला होता, पण नोंदणी त्याच्याच नावावर होती आणि पॉलिसीही त्याच्याच नावावर. २०११ साली ट्रकला अपघात झाला. कंपनी म्हणाली, तुम्ही विकला आहे, तुमचा आता संबंध नाही. न्यायालय म्हणालं, कायद्याच्या नजरेत अजून तोच मालक आहे, भरपाई त्याला द्या. निकाल न्याय्य आहे. पण अपघात २०११ चा आणि निकाल २०२० चा. ज्याचं पोट ट्रकवर आहे त्याने नऊ वर्षं कशी काढायची? कंपनीच्या खिडकीवर पंधरा मिनिटांत होणारी नोंद कोर्टावर सोपवण्यासारखी नाही.

आता पैशांचा भाग. विकणाऱ्याने पाच वर्षं एकही क्लेम घेतला नसेल तर त्याला ५० टक्के नो क्लेम बोनस मिळत असतो. २०, २५, ३५, ४५, ५० अशा पायऱ्या आहेत, आणि त्या त्याने सांभाळून गाडी चालवून चढलेल्या आहेत. हा बोनस माणसाचा आहे, गाडीचा नाही. गाडी विकताना तो कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र घेऊ शकतो आणि तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर तिला लावू शकतो. कितीतरी माणसं हे प्रमाणपत्र मागतच नाहीत आणि हजारो रुपये सोडून देतात. घेणाऱ्याला मात्र तो बोनस लागू नाही. पॉलिसी नावावर करताना कंपनी त्याच्याकडून फरक वसूल करते. समजा बोनस नसता तर गाडीच्या नुकसानीचा वार्षिक प्रीमियम १०,००० रुपये झाला असता आणि विकणाऱ्याने ५० टक्के सवलतीने ५,००० भरले. सहा महिने शिल्लक आहेत. घेणाऱ्याला ढोबळमानाने २,५०० रुपये भरावे लागतील. हे पैसे वाचवण्यासाठी लोक पॉलिसी जुन्या नावावरच राहू देतात. अडीच हजारांसाठी चार-पाच लाखांची गाडी उघडी ठेवायची, हा हिशेब मला कधीच पटला नाही. गाडीबाजारात कुणी ‘बोनससकट पॉलिसी देतो’ म्हणालं तर समजा की त्याला नियम माहीत नाही, किंवा तुम्हाला माहीत नाही असं त्याने धरलं आहे.

नव्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र बहुतेक लोक एक वर्षाचाच घेतात. म्हणून दोन वर्षं जुन्या कारचा मालक जेव्हा म्हणतो ‘इन्शुरन्स अजून वर्षभर आहे’, तेव्हा तो खोटं बोलत नसेल, पण शिल्लक असलेला विमा फक्त थर्ड पार्टीचा असू शकतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन वेगळ्या मुदती छापलेल्या असतात. झेरॉक्स पुसट असते, अक्षर बारीक असतं. चष्मा लावून त्या दोन्ही ओळी वाचा. गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे चढलेलं आहे का तेही त्याच वेळी बघून घ्या.

मालक-चालकाचा अपघात विमा, १५ लाखांचा, तोही पहिल्या मालकाच्या नावाचा असतो आणि त्याच्याबरोबरच जातो. घेणाऱ्याने स्वतःसाठी तो वेगळा घेतला पाहिजे, दुसरा असा विमा आधीच नसेल तर. विम्याशिवाय गाडी चालवताना पकडलं तर पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाची भीती सगळ्यांना असते, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

कोऱ्या टीटी फॉर्मकडे पुन्हा येतो, कारण सगळ्या साखळीचं मूळ तिथे आहे. दलाल गाडी विकत घेतो पण नावावर करत नाही. पुढचं गिऱ्हाईक मिळालं की त्याच कोऱ्या फॉर्मवर त्याचं नाव घालतो. एका बदलीचा खर्च वाचतो. मधले दोन-तीन महिने गाडी कुणाकुणाच्या हातात फिरते, आणि कागदावर ती तुमची असते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये यावर नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याने आरटीओकडून अधिकृत परवाना घ्यायचा. मालकाने त्याच्याकडे गाडी दिली की दोघांनी ऑनलाइन सूचना द्यायची, आणि तेव्हापासून विक्री होईपर्यंत तो विक्रेता मानीव मालक धरला जातो. ट्रायल, तपासणी, दुरुस्ती अशा कामांखेरीज त्याने गाडी रस्त्यावर काढायची नाही, आणि काढली तर फेरीची नोंद ठेवायची. मोठ्या कंपन्या हे करतात. चौकातल्या गाडीबाजारात अजून कोऱ्या फॉर्मचंच राज्य आहे. गाडी देताना ‘तुमचा अधिकृत परवाना दाखवा आणि माझ्यासमोर सूचना भरा’ एवढं म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. हे म्हटल्यावर जो दोन हजार कमी देईन म्हणतो त्याला गाडी देऊ नका.

परदेशात राहणाऱ्या मुलांची गाडी हा अलीकडे वारंवार येणारा प्रकार. मुलगा नोकरीसाठी बाहेर गेला, गाडी वडिलांच्या दारात. वर्षभराने शेजाऱ्याने मागितली, सौदा व्हॉट्सअॅपवर झाला, मुलाची सही नाही, आधारचा ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर बंद. गाडी शेजाऱ्याकडे, नाव मुलाचं, विमा केव्हाच संपलेला. जाण्यापूर्वीच गाडी विकून नाव बदललेलं पावतीसकट बघितलं, तर आईवडिलांच्या मागे हा घोर राहत नाही.

गाडीचं नाव बदलण्याचा सगळ्यात दुःखाचा प्रसंग म्हणजे मालकाचं निधन. घरात तेरावा होईपर्यंत कुणाला गाडीच्या कागदांची आठवण नसते, आणि तशी ती असावी अशी अपेक्षा करणंही बरं नाही. पण गाडी तर वापरली जाते. किंबहुना त्याच दिवसांत जास्त वापरली जाते, पाहुण्यांना आणायला, अस्थी घेऊन जायला, तहसील आणि बँकेच्या चकरांना. कायद्याने इथे थोडी माया दाखवली आहे. मृत्यूनंतर ३० दिवसांत वारसाने आरटीओला निधनाची आणि गाडी वापरणार असल्याची खबर दिली तर तीन महिने ती गाडी आपल्याच नावावर असल्यासारखी वापरता येते, आणि तेवढ्या मुदतीत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचं. पॉलिसीच्या शर्तीतही तेच तीन महिने आहेत: मालक गेल्यावर पॉलिसी लगेच रद्द होत नाही, तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोवर चालू राहते, आणि त्या काळात वारसाने मृत्यूचा दाखला व गाडी आपल्याकडे आल्याचा पुरावा देऊन ती आपल्या नावावर करून घ्यायची. आमच्याकडे जे वारस येत त्यांतले पुष्कळ जण वर्षभराने येत, पॉलिसी ‘ह्यांच्याच’ नावाने नूतनीकरण करून. एजंटने हप्ता घेतला, पावती आली, मयत माणसाच्या नावाने नवा करार झाला. माझी या व्यासपीठावरून विनंती आहे की घरात असा प्रसंग आला तर शेजारपाजारच्या, नात्यातल्या कुणीतरी एकाने ही दोन कामं अंगावर घ्यावीत. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव लावण्याची सोय झाली आहे. हयातीत ते लावून ठेवलं तर वारसाची धावपळ बरीच कमी होते.

हे सगळं माणसाने लक्षात ठेवून करायचं, यात मला व्यवस्थेची एक उणीव दिसते. आज कुणाही गाडीचा नंबर टाकला की ‘वाहन’ प्रणालीत तिच्या विम्याची मुदत दिसते. म्हणजे विमा कंपन्यांची माहिती आरटीओच्या संगणकापर्यंत पोचते आहे. मग नाव बदलल्याची खबर त्याच वाटेने उलट कंपनीकडे जायला काय हरकत आहे? आरटीओत नवं नाव चढलं की त्याच दिवशी कंपनीला सूचना जावी, आणि कंपनीने नव्या मालकाच्या मोबाइलवर त्याच्या भाषेत तीन ओळी पाठवाव्यात: थर्ड पार्टी विमा तुमच्याकडे आला आहे, गाडीच्या नुकसानीचा आलेला नाही, तो घ्यायचा असेल तर इतके रुपये भरा. जुन्या मालकालाही एक ओळ जावी, की अमुक तारखेला गाडीवरून तुमचं नाव उतरलं. ग्राहक संघटनांनी, वाहतूकदारांच्या संघटनांनी आणि आपल्यासारख्या व्याख्यानमालांनी ही मागणी परिवहन खात्याकडे आणि विमा नियामकाकडे लेखी करावी. तिचा मसुदा मी सोबत आणला आहे. सभा संपल्यावर तो दाराजवळच्या टेबलावर असेल. ज्यांना पटेल त्यांनी वाचून सही करावी, आणि ज्यांची गाडी विकून झाली आहे पण नाव अजून उतरलेलं नाही त्यांनी मला तिथेच भेटावं, फॉर्म २९ च्या कोऱ्या प्रतीही मी आणल्या आहेत.